हळदीची पाच बटणं

मराठी टंकलेखनात माझा हात धरणारं आमच्या भागात कोणी नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण ते माहीत नसेल तर पुढे मी एवढा हट्ट का धरला ते कळणार नाही. नव्वदच्या दशकात मी शिरड शहापूरहून एसटीने हिंगोलीला जायचे आणि तिथल्या टायपिंगच्या क्लासमध्ये टाइपरायटरवर मराठी शिकायचे. क्लासमध्ये मुलींना मागच्या रांगेत बसवत. मागच्या मशिनींचे दांडे एकमेकांत अडकायचे, आणि मुली तक्रार करत नाहीत असा तिथल्या सरांचा समज होता. मी केली. दुसऱ्याच दिवशी मला पुढची मशीन मिळाली आणि परीक्षा होईपर्यंत ती माझीच राहिली.

लग्न होऊन मी वारंगा फाट्याला आले. नवऱ्याचं हमरस्त्यावर टायर-पंक्चरचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागे घर. घरात मी, नवरा, सासूबाई आणि सासरे. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे, सासऱ्यांना मामंजी. फाट्यावर ट्रक थांबायचे, हॉटेलं चालायची, पण टाइपरायटर एकही नव्हता. कणीक मळता मळता माझी बोटं परातीत आपोआप अक्षरं शोधायची. नवरा बघायचा आणि म्हणायचा, "पोळीवर अर्ज लिहून राहिली का?"

मग संगणकाचे दिवस आले. आमच्या इथल्या माणसाला साधा अर्ज टाइप करायचा किंवा लग्नाची पत्रिका काढायची तर नांदेड नाही तर हिंगोली गाठावी लागे. मी घरात सांगितलं, मला संगणक आणि छापायचं यंत्र आणून द्या, ही सगळी कामं मी इथे बसून करते. मामंजी म्हणाले, "खेळणं हाय ते." त्यांच्या दृष्टीने विषय संपला. आमच्या घरात विषय संपवायचं काम त्यांचंच होतं.

या वेळी मात्र आत्याबाई मधे पडल्या. त्यांच्या शेळ्या होत्या. माहेरून एक पाट, म्हणजे तरणी शेळी, आणली होती, तिचा हा सगळा विस्तार. चारा त्यांनी आणायचा, दूध त्यांनी काढायचं, करडू आजारी पडलं तर मांडीवर घेऊन त्यांनीच बसायचं. बाजाराच्या दिवशी मात्र मामंजी सकाळी उठून मनाला येईल ती शेळी सोडून घेऊन जायचे. कोणती गेली ते आत्याबाईंना नुसती दावण बघून कळायचं. त्यावर त्या कधी काही बोललेल्या मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी बोलल्या. "दरसाली तुमी सोडून नेता. औंदा मी नेते," म्हणाल्या, आणि खरोखरच माझ्या नवऱ्याला सोबत घेऊन अर्धा कळप विकून आल्या. मामंजींना इतका धक्का बसला की ते दोन दिवस अर्ध्या ताटावरून उठले.

तिसऱ्या दिवशी त्यांनी अट घातली. तुळशीचं लग्न लागेपर्यंत या यंत्रावर एक तरी काम झालं पाहिजे. नाही झालं तर खोकं हिंगोलीच्या दुकानदाराला परत, आणि पुढची खोली पुन्हा शेळ्यांना. पुढच्या खोलीत पावसाळ्यात करडं बांधत, आणि तीच मी झाडून, सारवून, खिडकीला पडदा लावून माझी केली होती. दुकानदारही परत घ्यायला तयार झाला. मी अट मान्य केली, कारण काम येणार याची मला खात्री होती.

संगणक आला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात चहा करत होते. ज्याच्यासाठी मी एवढी भांडले ते यंत्र पुढच्या खोलीत उघडलं जात होतं आणि मी चुलीपाशी आलं ठेचत होते, ही गोष्ट मला अजूनही झोंबते. त्यामुळे पुढचं सगळं मला नवऱ्याकडून कळलेलं आहे.

हिंगोलीचा दुकानदार स्वतःच जोडून द्यायला आला होता. त्याने तारा लावल्या, पडदा उजळला. तो म्हणाला, "ये नया सिस्टम बहुत सख्त है. मालिक से पूछे बिना पत्ता नहीं हिलता." नवं काहीही बसवायचं असलं तर हे यंत्र मालकाचा पासवर्ड मागणार. मग त्याने विचारलं, मालक म्हणून नाव कोणाचं टाकू? आमच्याकडे जमीन, वीज मीटर, पाण्याचा नळ, सगळं मामंजींच्या नावावर. मामंजी खेळण्याला नाव द्यायला तयार नव्हते, ते खिडकीबाहेर बघत बसले. तेव्हा नवरा म्हणाला, "मायचं टाका. शेळ्या तिच्या होत्या."

आत्याबाई त्या वेळी कीबोर्डाची पूजा करत होत्या. त्यांची रीत अशी: नवी वस्तू घरात आली, मग ते जातं असो की सायकल, आधी मधोमध हळदीचं बोट, मग पूर्वेपासून सुरुवात करून उजवीकडून फिरत चार दिशांना चार. कीबोर्ड पांढरा होता, त्यावर पाच बटणं पिवळी झाली. दुकानदाराने पासवर्ड विचारला. आत्याबाईंना सहीपुरतं लिहिता येत होतं, इंग्रजी अक्षरांशी ओळख नव्हती. दुकानदार हसून म्हणाला, "अम्मा, जहाँ हल्दी लगायी, वही दबाओ." त्यांनी ज्या क्रमाने बोटं लावली त्याच क्रमाने पाच बटणं दाबली, त्याने सांगितल्यावर पुन्हा दाबली, आणि झाल्या यंत्राच्या मालकीण. मला रोजच्या वापरासाठी वेगळं, साधं खातं दिलं. मी चहा घेऊन आले तेव्हा सगळं उरकलं होतं.

काही महिने त्या पासवर्डाची कोणाला आठवणही आली नाही, कारण काही बसवायची वेळच आली नाही. त्या यंत्रात नुसतं इंग्रजी होतं. बाजारात मराठीची सॉफ्टवेअरं मिळत, पण मी पाहिलेल्यांत अक्षरं भलत्याच जागी होती. माझी बोटं टाइपरायटरवर घडलेली. 'क' च्या जागी भलतंच काही उमटलं की माझं डोकं फिरायचं. माझा धाकटा भाऊ नांदेडला संगणकाचं शिकला होता आणि तिथेच नोकरी करत होता. तो म्हणाला, "ताई, तुझ्या बोटांना बराबर बसेल असं मीच करून देतो." नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी बसून त्याने ते केलं. प्रत्येक बटणाचं अक्षर तो मला फोनवर विचारायचा आणि मी डोळे मिटून बोटं हलवून सांगायचे. असं सॉफ्टवेअर दुनियेत एकच होतं आणि ते माझ्या मापाचं होतं.

पण त्याला वेळ लागला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सांगत राहिले, थांबा, भाऊ करून राहिलाय. गिऱ्हाईक कशाला थांबतंय? दसरा गेला, दिवाळी गेली. मामंजी पुढच्या खोलीच्या दारात उभे राहून जमिनीकडे असं बघायचे की जणू खुंटे कुठे ठोकायचे ते ठरवत होते.

आणि मग काम आलं. आत्याबाईंची एक मैत्रीण होती, मेंढरंवाल्या घरची. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, तुळशीचं लग्न झाल्या झाल्या पहिल्याच मुहूर्तावर. नवरीचे मामा मेंढरं घेऊन लांब नदीकाठच्या गावांकडे उतरले होते. त्यांच्यापर्यंत पत्रिका पोचवायची एकच सोय होती. माझ्या नवऱ्याच्या ओळखीचा एक ट्रकवाला रविवारी सकाळी त्या बाजूला निघणार होता. आत्याबाईंनी मैत्रिणीला सांगून टाकलं, "नांदेडला कशाला जाती? माझी सून छापून देती." भावाने सॉफ्टवेअरची सीडी एसटीच्या ड्रायव्हरजवळ दिली, आणि शनिवारी सकाळी नवऱ्याने ती फाट्यावर उतरवून घेतली. तुळशीचं लग्न सोमवारी होतं. पत्रिका शनिवारी झाली तर खोली माझी, नाही झाली तर शेळ्यांची.

मी सीडी घातली. यंत्र घुरघुरलं. मी बटण दाबलं आणि एकाएकी सगळा पडदा काळवंडला. मधे एक चौकट तेवढी उजळ राहिली. इंग्रजीत लिहिलं होतं की एका अनोळखी माणसाचं सॉफ्टवेअर तुमच्या संगणकात शिरू पाहत आहे, चालू द्यायचं असेल तर मालकाचा पासवर्ड द्या. आणि खाली आत्याबाईंचं नाव.

अनोळखी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याला मी कडेवर घेऊन शाळेत सोडलं, ज्याच्या नाकाचा शेंबूड माझ्या पदराने पुसला, तो या खोक्याला अनोळखी? भाऊ बहिणीच्या घरी आला तर त्याला दारात कोणी गाव विचारत नाही, आधी पाय धुवायला पाणी देतात. मी तडक त्याला फोन लावला.

"ताई, मी सही केलेली न्हाई त्याच्यावर," तो म्हणाला.

"मंग कर की. सहीला काय झालं?"

"तशी सही न्हाई गं. ती बाहेरच्या देशातल्या कंपनीकडून विकत घ्यावी लागती. माझ्यासारख्याला कुठं परवडती? लोक लबाडी करून व्हायरस घुसवतेत, म्हणून यंत्र आता कोणावरच इश्वास ठेवत न्हाई."

"म्हणजे चोर सोडून संन्याशाला सुळी."

"व्हय, तसंच. पण मालकानं एकदा हो म्हटलं की काही तकलीफ न्हाई. आत्याबाईंना बोलव."

मी अंगणात जाऊन आत्याबाईंना हाक मारली. म्हटलं, पडद्यावर तुमचं नाव आलंय, तुमच्याशिवाय घोडं अडलंय. त्या शेळ्यांना पाला टाकत होत्या. हातातला पाला तिथेच ठेवून त्या मोरीवर गेल्या, हात धुतले, पदर सारखा केला आणि मग आल्या. खुर्चीवर बसल्या. बोट पुढे केलं आणि थबकल्या.

"माझी हळद कुठं गेली?"

कीबोर्ड लख्ख पांढरा होता. मीही इतके दिवस त्यावर बोटं चालवत होते, पण हळदीची बोटं कधी दिसेनाशी झाली ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नवरा दुकानातून हात पुसत आला, आणि आमच्या दोघींची तोंडं बघून त्याला आपलं काय चुकलं ते लगेच कळलं.

"खंडेनवमीला धुतला मी," तो म्हणाला.

खंडेनवमीला तो दरवर्षी दुकानातली सगळी हत्यारं धुतो. पाने, टॉमी, जॅक, हवेचा पंप, सगळं घासूनपुसून ओळीने मांडतो आणि पूजा करतो. त्या वर्षी त्याला वाटलं, बायकोचं हत्यार तेवढं काहून मागं ठेवायचं? म्हणून त्याने ओल्या फडक्याला साबण लावून कीबोर्ड घासला, कोरडा केला, वर झेंडूचं फूल वाहिलं आणि परत जागेवर ठेवला. इतका मायेने केलेला घोटाळा मी दुसरा पाहिला नाही. रागवायला तोंड उघडलं आणि ते फूल आठवून मिटलं.

आत्याबाईंना पासवर्ड पाठ नव्हता. पाठ करायची गरजच काय होती? समोर पिवळा दिसत होता. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, भाभी, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, पेटी हिंगोलीला आणा, सोमवारी बघतो. सोमवारी बघून मला काय उपयोग होता?

मामंजी दारात येऊन उभे राहिले होते. "काय झालं?"

"यंत्र मायला विचारून राहिलंय," नवरा म्हणाला, "अन् मायला उत्तर आठवून न्हाई राहिलं."

"मंग परत द्या. शेळ्या थंडीत बाहेर हायत," मामंजी म्हणाले. ते रागाने बोलले नाहीत, पण मला ते रागापेक्षा जास्त लागलं.

मी नवऱ्याला म्हटलं, तुमी नेमकं कसं पुसलं ते सांगा. तो म्हणाला, "साध्या फडक्यानं. कुकू पण लावलं असंल मायनं, कारण फडक्याला लाल डाग पडले."

"मी कुकू लावलंच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. "नुसती हळद."

हे ऐकलं आणि मला हसूच आलं. मी शिरड शहापूरची, हळद पिकवणाऱ्या घरची. माहेरी हळद शिजवायच्या दिवसांत अंगावरच्या कपड्याला डाग पडायचे आणि आई बजावायची, साबण लावू नका, लाल होईल. हळदीला साबण लागला की ती लाल होते आणि चुना लागला की आणखी लाल. फडकं लाल झालं होतं ते हळदीनेच. आणि हळद अशी एका पुसण्याने जात नसते. बटणाचं प्लास्टिक खरखरीत असतं. वरून गेली असली तरी त्या खरखरीत भागात कुठे तरी उरलेली असणार, फक्त डोळ्यांना दिसत नव्हती.

"मामंजी," मी म्हटलं, "तुमची चुन्याची डबी द्या."

त्यांना तंबाखूची सवय होती, डबी कायम खिशात. "काहून?"

"द्या तर खरं."

त्यांनी डबी दिली. कदाचित सून काय करते ते बघायची त्यांनाही उत्सुकता असावी. मी काडीच्या टोकाला कापूस गुंडाळला, ओल्या चुन्यात जेमतेम बुडवला आणि एकेका बटणावरून फिरवू लागले. पहिली ओळ कोरी गेली. दुसऱ्या ओळीत एका बटणाच्या कडेला विटकरी रंगाची बारीक रेघ उठली. आत्याबाई वाकून बघायला लागल्या. आणखी एक उठली. मग आणखी. मी पुढे जात होते आणि नवरा मोजत होता. मामंजी दारातून दोन पावलं आत आले होते.

हवी होती पाच, लाल निघाली आठ. तीन माझी होती. फोडणी टाकून तशीच उठून टायपिंगला बसायची माझी खोड, माझ्याही बोटांना हळद असणारच. पण ती तीन इकडे तिकडे विखुरलेली होती आणि उरलेली पाच कशी ठळक, एक मधे आणि चार चौबाजूंना. त्यात कोणाचं दुमत होणं शक्य नव्हतं. ती पाच बटणं कोणती ते मी इथे लिहिणार नाही. पासवर्ड आहे तो.

आत्याबाईंनी बोट पुढे केलं. आधी मधलं दाबलं. मग जरा मान वळवून अंदाज घेतला आणि उजव्या बाजूचं दाबलं, मग खालचं, मग डावीकडचं, मग वरचं. यंत्र म्हणालं, चूक. नवरा म्हणाला, आता तीनदा चुकलं तर एटीएमसारखं गिळून टाकतंय बघ. त्याला म्हटलं, तुमी दुकानात जा.

"रीत तर बराबर केली मी," आत्याबाई पुटपुटल्या. "मधी, मंग पूर्वेकडून."

"पूर्व कोणती धरली?"

त्यांनी हात करून दाखवली. खरीच पूर्व होती ती, त्यांना दिशा विचारायची गरज कधीच पडत नाही. आणि तिथेच मला कळलं. यंत्र आलं तेव्हा टेबल पूर्वेच्या भिंतीला होतं. पडद्यावर ऊन येतं म्हणून मी नंतर ते उत्तरेच्या भिंतीला सरकवलं होतं. तेव्हा पूर्व होती कीबोर्डाच्या वरच्या बाजूला. आता ती उजव्या हाताला आली होती. आत्याबाईंच्या लेखी रीत दिशेची होती, बटणांची नव्हती.

मी कीबोर्डाची तार काढली, तो उचलून पूर्वेच्या भिंतीपाशी नेला, खाली पाट मांडून त्यावर ठेवला आणि म्हटलं, "आत्याबाई, इथं बसा. आज नवा आणलाय असं समजा." त्या बसल्या. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग हात असा फिरवला की त्यात विचार करणं नव्हतंच. मधे, वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. मी शेजारी बसून तो क्रम मनात धरला, उठले, कीबोर्ड परत टेबलावर नेऊन तार जोडली. आत्याबाईंना खुर्चीवर बसवून म्हटलं, मी सांगते तसं तुमीच दाबा. त्यांनीच दाबलं.

काळोखी गेली. पडदा पुन्हा उजळला आणि भावाचं सॉफ्टवेअर आत शिरायला लागलं. एक हिरवी पट्टी हळूहळू भरत होती. आत्याबाईंनी विचारलं, "आता काय म्हनून राहिलंय ते?"

"काही न्हाई. तुमी हो म्हटलं, ते त्याने ऐकलं."

त्या उठल्या नाहीत. पट्टी पूर्ण भरेपर्यंत त्या खुर्चीवर ताठ बसून होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्या घरात त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी बसले. इतक्या वर्षांनी बोटांखाली अक्षरं आपापल्या जागी सापडली. माझे डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत, कारण हात मोकळे नव्हते. आत्याबाईंची मैत्रीण आली आणि शेजारी बसून नावं सांगू लागली. पत्रिकेत नावांचा क्रम चुकला तर लग्नात रुसवे होतात आणि ते नातवंडांपर्यंत चालतात. कोणती आत्या आधी, कोणता चुलता नंतर, यावर तिचं आणि आत्याबाईंचं दोनदा वाजलं. दुपारी वीज गेली तेव्हा आम्ही तिघींनी भाकरी खाऊन घेतली. वीज आली तशी छपाई सुरू केली, आणि दिवस मावळायच्या आत पत्रिकांचा गठ्ठा टेबलावर होता. मैत्रिणीने वरची पत्रिका उचलली, पालथी सुलटी केली, आणि लेकीचं नाव कुठे आहे ते मला विचारलं. मी दाखवलं. तिने त्यावरून अलगद बोट फिरवलं. रविवारी ट्रक निघाला तेव्हा मामांच्या पत्रिका ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या फळीत होत्या. सोमवारी तुळशीचं लग्न लागलं आणि खुंट्यांचा विषय पुन्हा निघाला नाही.

नंतर दुकानदार एकदा फाट्यावरून जाताना आत डोकावला. त्याला सगळी हकीकत सांगितली तर तो पोट धरून हसला. म्हणाला, "भाभी, ये पूछनेवाला सिस्टम मैं बंद कर देता हूँ. सब लोग बंद करवाते हैं. नाहीतर मालकी तुमच्या नावावर करतो, झंझट खतम."

दोन महिन्यांपूर्वी मी उडी मारून हो म्हटलं असतं. मालकी माझ्या नावावर असती तर तो शनिवार आमच्यावर आलाच नसता. पण आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी हात धुतलेले होते. कोणी बोलावलं नव्हतं, तरी दुकानदार आला म्हणजे आपलं काम निघेल असं वाटून त्या तयारीने आल्या होत्या. आणि मला एकदम लख्ख कळलं की या घरात इतक्या वर्षांत त्यांना विचारून कोणी काही केलेलं नव्हतं. शेळी नेताना नाही, नांगरताना नाही, लेकाचं लग्न ठरवताना सुद्धा नाही, ते मला पक्कं माहीत आहे. थांबून त्यांचं नाव घेऊन विचारणारं हे यंत्र पहिलं.

"राहू द्या," मी दुकानदाराला म्हटलं. "विचारू द्या त्याला. मालकीण आहेत त्या."

नवऱ्याला वाटलं माझं डोकं फिरलं. फिरलं नव्हतं. दुकानदाराकडून मी पासवर्ड तेवढा नवा घालून घेतला. आत्याबाईंनी पुन्हा हळद भिजवली, पुन्हा पाच बोटं लावली, आणि या वेळी क्रम त्यांच्या आणि माझ्या दोघींच्या डोक्यात राहिला. चहा नवऱ्याने केला.

त्यानंतर माझं काम वाढत गेलं, ते कसं वाढलं हा वेगळा विषय आहे. मला आठवतो तो त्याच हिवाळ्यातला एक दिवस. मामंजींना कोणी तरी भजनांची सीडी दिली होती. खेळणं म्हणणारे मामंजी ती घेऊन माझ्यापुढे उभे. ती वाजायला आणखी एक छोटं सॉफ्टवेअर आत घालावं लागणार होतं. मी बटण दाबलं, पडदा काळवंडला, चौकट आली. मी हात मांडीवर ठेवले.

"काय झालं?"

"आत्याबाईंना विचारून राहिलंय."

"मंग तूच दाब की."

"माझ्या हातात न्हाई, मामंजी." आता हे तितकंसं खरं नव्हतं, पण मी बेधडक म्हटलं.

मामंजी अंगणात आत्याबाईंकडे गेले. आत्याबाईंनी पाला ठेवला, मोरीवर जाऊन सावकाश हात धुतले आणि आत येऊन बसल्या.

"काय टाकून राहिले तुमी?"

"भजनं हायत."

"कोनी देली?"

मामंजींनी सांगितलं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. त्यांना घाई नव्हती. मामंजी खुर्चीमागे सीडीचं पाकीट हातात धरून उभे होते, आणि त्या हो म्हणेपर्यंत उभेच राहिले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी सकाळी अंगण झाडत होते. मामंजी दावं हातात घेऊन शेळ्यांच्या कुडापाशी आले. नेहमीसारखे आत शिरले नाहीत, बाहेरच थांबले. घसा खाकरला आणि घराकडे तोंड करून म्हणाले, "ऐकून राहिली का? कोनती नेऊ?"

आतून आत्याबाईंचा आवाज आला. "थांबा. हात धुवून येते."